भृगू सरोवराची एकदिवसीय चढाई : सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी सविस्तर चर्चा

सातरस्ता (धागाकर्ता)

सोलापूरहून मनालीला जाणाऱ्या अनेकांना आता सोलंग आणि रोहतांग यांच्यापलीकडचे काही पाहायचे असते, आणि अशा वेळी भृगू सरोवराचे नाव हमखास निघते. हे सरोवर कुल्लू जिल्ह्यात, रोहतांग खिंडीच्या पूर्वेकडील डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. बहुतेक संस्था वाटेत तंबूत मुक्काम असलेला तीन-चार दिवसांचा कार्यक्रम आखतात; परंतु मनाली परिसरातील स्थानिक मार्गदर्शक ही चढाई एका दिवसातही करवून आणतात. पहाटे गाडीने मनाली-रोहतांग रस्त्यावरील गुलाबापर्यंत जायचे, तेथून पायी वर चढायचे आणि अंधार पडण्याच्या आत पुन्हा गाडीपाशी यायचे, असा तो बेत असतो. मार्गदर्शकासोबत ही चढाई केलेली असल्यामुळे मला अनेक जण विचारतात, म्हणून येथे एकत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की हा एक दिवस पेलायचा असेल तर त्याआधीच्या किमान दोन-तीन रात्री मनालीत काढल्या पाहिजेत, आणि सरोवर दिसो वा न दिसो, कोणत्या वेळी परत फिरायचे हे मार्गदर्शकाशी आदल्या दिवशीच ठरवले पाहिजे. या दोन गोष्टी ज्यांना जमणार नाहीत त्यांनी ही चढाई करू नये.

आपले सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मनाली दोन हजारांच्या थोडे वर, तर गुलाबा तीन हजारांच्या घरात आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण कोठेही जवळजवळ २१ टक्केच असते, पण उंचीबरोबर हवेचा दाब घटत जातो आणि सरोवरापाशी तो समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच उरतो. म्हणजे तेथे घेतलेल्या प्रत्येक श्वासातून येथल्या मानाने बराच कमी प्राणवायू शरीराला मिळतो. जो माणूस सिद्धेश्वर तलावाभोवती रोज सकाळी भराभर चालतो, त्यालाही तेथे वीस-पंचवीस पावलांनंतर थांबावे लागते. हे अशक्तपणाचे लक्षण मानू नये. सगळ्यांचेच तसे होते.

वेळेचा हिशेबही आधी मांडून पाहावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही वापरला जातो : दर पाच किलोमीटर अंतराला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. एका बाजूचे अंतर दहा किलोमीटर आणि चढ अकराशे मीटर धरला, तर उत्तर चार तासांच्या थोडे आत येते. मात्र हा ठोकताळा कमी उंचीवरच्या, सराव असलेल्या माणसासाठी आहे. विरळ हवा, गटातील सर्वांत हळू चालणारा सदस्य आणि वाटेतील थांबे लक्षात घेता सहा तास धरणे मला योग्य वाटते. उतरायला चार तास आणि सरोवरापाशी अर्धा तास मिळवला की साडेदहा तास होतात. सकाळी सहाला चालायला लागलेला गट साडेचारला खाली येतो, आणि तोही सगळे सुरळीत झाले तर.

वाट सुरुवातीलाच दम काढते. झाडे लवकरच मागे पडतात आणि जोंकर थाचची विस्तीर्ण कुरणे लागतात, जेथे उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन येतात. पुढे रोला खोली या मुक्कामाच्या जागेपर्यंत चढ-उतार आहेत, आणि त्यानंतरचा दगडधोंड्यांचा टप्पा खरी परीक्षा पाहतो. सरोवर डोंगराच्या खोलगट भागात असल्यामुळे शेवटच्या धारेवर पाय ठेवेपर्यंत ते दिसतच नाही. हवा स्वच्छ असेल तर मागे हनुमान टिब्बा आणि ६,००१ मीटर उंचीचे देव टिब्बा ही शिखरे दिसतात. भृगू ऋषींच्या नावाचे हे पाणी स्थानिक लोक पवित्र मानतात. म्हणून त्यात उतरणे, पाय धुणे किंवा काठावर खाऊन कचरा टाकणे हे प्रकार कोणीही करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाळीवेस

माहिती उत्तम आहे, परंतु मूळ कल्पनेलाच माझा विरोध आहे. चार हजार मीटरांवरचे ठिकाण एका दिवसात उरकण्याची घाई कशासाठी? कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तेथून साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपासचा बसप्रवास करून मनाली, असे करून आपण एवढ्या लांब जातो. मग आणखी दोन दिवस का काढू नयेत? जोंकर थाच आणि रोला खोली येथे मुक्काम केल्यास शरीर टप्प्याटप्प्याने सरावते, रात्रीचे आकाश पाहता येते आणि पहाटे ताज्या पायांनी सरोवराकडे निघता येते. एकदिवसीय चढाईत माणूस सतत घड्याळाकडे पाहत असतो. हिमालयात अशा रीतीने जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

डॉ_होटगीरोड

बाळीवेस यांच्या भावनेशी मी सहमत आहे, मात्र वैद्यकीय बाजू थोडी वेगळी आहे.

उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरांच्या वर सुरू होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर आणि अवाजवी थकवा ही त्याची सुरुवातीची लक्षणे बहुधा वर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत दिसतात. या त्रासाच्या बाबतीत दिवसा कोठवर चढलो यापेक्षा रात्री कोठे झोपलो याला अधिक महत्त्व आहे. म्हणूनच तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये असे सांगितले जाते. एकदिवसीय चढाईत आपण रात्री पुन्हा मनालीत झोपतो, ही तिची जमेची बाजू आहे. याउलट मनालीत उतरल्या दिवशीच गुलाबाला जाऊन थेट साडेतीन हजारांवर तंबूत झोपणे, जे घाईतल्या काही कार्यक्रमांत केले जाते, ते मला अधिक धोक्याचे वाटते. परंतु एकदिवसीय चढाईत वेग आणि श्रम जास्त असतात, आणि काही जणांना वर असतानाच त्रास सुरू होतो. त्यामुळे "रात्री खालीच झोपणार आहोत" एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

दोन लक्षणे दिसली तर चर्चा न करता उतरायला लागावे. पहिले, बसून विश्रांती घेतल्यावरही धाप न थांबणे आणि सोबत खोकला असणे. फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची ती खूण असू शकते. दुसरे, तोल जाणे. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या चवड्याला टेकवत सरळ रेषेत चालायला सांगावे. न जमल्यास मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यावी. गोंधळल्यासारखे बोलणे हेही त्याचेच लक्षण आहे. दोन्ही अवस्थांत प्राणवायूचा सिलिंडर थोडा वेळ देतो, पण खरा उपचार खाली उतरणे हाच आहे. रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या यंत्रावरील आकडा चांगला आला म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. थंड बोटांवर ते यंत्र चुकीचा आकडाही दाखवते.

ॲसिटाझोलामाइड ही गोळी प्रतिबंधासाठी दिली जाते आणि साधारणपणे चढाईच्या आदल्या दिवशी सुरू करतात. तिने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असलेल्यांनी ती मनाने घेऊ नये. मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्णही जाऊ शकतात, पण आपल्या डॉक्टरांना भेटून आणि औषधांच्या वेळा ठरवून. आदल्या रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात.

जुळेसोलापूर

डॉक्टरसाहेब, आमच्या महिला गटात बहुतेक जणी पंचेचाळीस ते साठ या वयातल्या आहेत. चालण्याची सवय आहे, पण सगळे सपाटीवर. सोलापुरात राहून चढाचा सराव कसा करावा? आणि उतरताना गुडघे दुखतात, त्यासाठी काय करता येईल?

पार्कचौक

ताई, याचे उत्तर मी देतो, कारण आमच्या गटाने यावर बराच विचार केला आहे.

सपाटीवरील चालण्याने दम वाढतो. उतरण्याची तयारी मात्र होत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि या प्रकारच्या श्रमाची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही अवघड होते. हा सराव जिन्यावर होतो. चार-पाच मजली इमारतीचा जिना पाठीवर पाच-सहा किलोंची पिशवी घेऊन चढावा, आणि उतरताना लिफ्ट न वापरता सावकाश, पाऊल पूर्ण टेकवत उतरावे. आठवड्यातून तीन दिवस, असे किमान दोन ते अडीच महिने करावे. त्यासोबत खुर्चीवर बसून उठण्याचा व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा.

खऱ्या डोंगराचा सराव हवा असेल तर जवळ बालाघाटाच्या रांगा आहेत. तुळजापूरचा परिसर किंवा येडशीचे रामलिंग येथे उंची फार नाही, पण दगडांवरून चालण्याची सवय होते. महिन्यातून एकदा पुण्याकडे जाऊन आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढावा, आणि निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी बारी गावाहून १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर एका दिवसात करून यावे. कळसूबाईची चढाई आठशे मीटरांच्या घरात आहे. ती उतरून आल्यावर ज्यांचे पाय ठीक असतील त्यांनी भृगूचा विचार करावा. प्राणवायूची कमतरता मात्र महाराष्ट्रात कोठेही अनुभवता येणार नाही. त्यासाठी मनालीतले दिवसच हवेत.

काठ्या दोन घ्याव्यात, एक पुरत नाही. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवली की गुडघ्यांवरचा भार हलका होतो. बूट नवे असतील तर येथेच महिनाभर वापरून पायाला बसवून घ्यावेत.

अक्कलकोटकर

मला एक साधी शंका आहे. वाट मोबाईलच्या नकाशावर उपलब्ध आहे, गुलाबापर्यंत गाडी जाते, मग मार्गदर्शकाची आवश्यकता खरोखर किती? आमच्या गटातील तरुण मंडळी सह्याद्रीत नेहमी स्वतःच जातात.

सातरस्ता

अक्कलकोटकर, आपली शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नकाशा वाट दाखवतो. आज सकाळी कोणत्या उतारावरचा बर्फ घट्ट आहे आणि दुपारी तोच बर्फ मऊ होऊन गुडघाभर पाय कोठे रुतेल, हे तो दाखवत नाही. धुके उतरले की वरच्या कुरणांत पायवाट नावाची गोष्टच उरत नाही, कारण मेंढ्यांच्या असंख्य वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात. सह्याद्रीत वाट चुकली तर खाली उतरत गेल्यावर बहुतेकदा वाडी-वस्ती लागते. येथे चुकीच्या नाळेत उतरल्यास रात्र उघड्यावर काढावी लागू शकते, आणि त्या उंचीवर सप्टेंबरातही रात्री तापमान शून्याच्या जवळ जाते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा परत फिरण्याच्या निर्णयाचा आहे. सरोवर शेवटपर्यंत दिसत नाही, हे मी वर लिहिले आहे. त्यामुळे दुपारी बाराच्या सुमारास थकलेला गट धारेखाली उभा असतो आणि प्रत्येकाला वाटत असते की आता अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे. हजारो रुपये आणि रजा खर्च करून आलेल्या माणसाला त्या क्षणी स्वतःहून मागे वळणे फार जड जाते. वर चढलेल्या दुपारच्या ढगांतून गारा आणि विजा कधी सुरू होतील याचा अंदाज तेथे रोज वावरणाऱ्यालाच येतो. म्हणून मी आग्रहाने सांगतो की आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून मार्गदर्शकासमोर वेळ ठरवावी, उदाहरणार्थ साडेबारा, आणि त्या वेळी जो जेथे असेल तेथून परत फिरेल हे प्रत्येकाने मान्य करावे. वर गेल्यावर त्यावर मतदान होऊ नये.

आता मार्गदर्शक किती असावेत, या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते हा या चढाईतील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. आठ जणांच्या गटाबरोबर एकच मार्गदर्शक असेल आणि रोला खोलीच्या वर एकाला मळमळू लागले, तर तीनच मार्ग उरतात : सगळ्यांनी परतायचे, त्या आजारी माणसाला एकट्याला बसवून पुढे जायचे, किंवा मार्गदर्शकाने त्याला खाली न्यायचे आणि बाकीच्यांनी स्वतःच्या भरवशावर पुढे जायचे. यांतील दुसरा आणि तिसरा मार्ग अत्यंत धोक्याचा आहे, तरीही गटाच्या दबावाखाली तेच घडते. दोन मार्गदर्शक असतील तर एक जण आजारी माणसाबरोबर उतरतो आणि गट दुसऱ्याबरोबर सुरक्षित राहतो. एरवीही एकाने पुढे आणि एकाने सर्वांत शेवटी चालणे आवश्यक असते, कारण मागे पडलेल्या माणसाची अवस्था पुढच्याला कळत नाही. दुसऱ्या मार्गदर्शकाचा खर्च आठ जणांत वाटला तर प्रत्येकी फार मोठा नसतो. तो वाचवू नका.

ठरवण्यापूर्वी काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. हिमाचल प्रदेशात साहसी पर्यटन चालवणाऱ्यांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का? मार्गदर्शकाने मनाली, उत्तरकाशी किंवा दार्जिलिंग येथील गिर्यारोहण संस्थेचा अभ्यासक्रम केला आहे का, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का, प्राणवायूचा सिलिंडर आणि दोर सोबत असणार का? जो मार्गदर्शक या प्रश्नांनी चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये. उलट जो तुम्हालाच तुमच्या आजारांविषयी आणि सरावाविषयी खोदून विचारतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

अक्कलकोटकर

आपले म्हणणे पटले. एकाने आजारी पडण्याची शक्यता आम्ही विचारातच घेतली नव्हती. दोन मार्गदर्शकांची चौकशी करतो.

विजापूरवेस

हंगामाविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या मुलांना सुट्टी मे-जूनमध्येच असते.

पार्कचौक

मे महिन्यात वरच्या भागात बर्फ भरपूर असतो आणि सरोवर बहुतेक झाकलेलेच असते. एका दिवसात करण्याजोगी ती स्थिती नव्हे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बर्फ कमी होतो आणि दिवसाचा उजेड सर्वाधिक, म्हणजे चौदा तास मिळतो. एकदिवसीय चढाईत हे मोठेच बळ आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये कुरणे फुलांनी भरतात हे खरे, पण पाऊस, धुके आणि दरडी यांमुळे मी कुटुंबासह जाण्याचा सल्ला देणार नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुल्लू-मनाली महामार्ग जागोजागी वाहून गेला होता आणि हजारो पर्यटक अडकले होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात हवा स्वच्छ होते, वाट कोरडी असते, मात्र उजेड बारा तासांवर येतो. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या आत मावळतो. त्या काळात पहाटे विजेरीच्या प्रकाशात चालायला सुरुवात करावी लागते.

मुलांच्या बाबतीत माझे मत असे की, लहान मूल डोके दुखते हे नीट सांगू शकत नाही, ते नुसते चिडचिड करते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांखालील मुलांना या एकदिवसीय चढाईला नेऊ नये.

एक व्यावहारिक सूचना. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलकडची बहुतेक वाहने त्या मार्गाने जातात. त्यामुळे गुलाबाच्या रस्त्यावर संध्याकाळी परतीची गाडी मिळेल या भरवशावर राहू नये. सकाळचीच गाडी परतीसाठी ठरवून ठेवावी. गुलाबाच्या पुढे रोहतांगकडे वाहन न्यायचे असल्यास परवाना लागतो, हेही चालकाशी आधी बोलून घ्यावे.

जुळेसोलापूर

खाण्याविषयी माझा अनुभव सांगते. आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी प्रवासात कितीही दिवस टिकते, म्हणून आम्ही ती सोबत नेतोच. परंतु उंचीवर घसा कोरडा पडतो आणि भूकही मंदावते, तेव्हा कोरडी भाकरी गिळवत नाही. रेल्वेत आणि मनालीत ती खावी. चढाईच्या दिवशी दशमी, गूळपोळी, खजूर, चिक्की असे थोडे थोडे दर तासाला तोंडात टाकता येईल असे न्यावे. पाणी प्रत्येकी तीन लिटर आणि त्यातील एका बाटलीत ओआरएस. आतले कपडे सुती नसावेत, कारण घामाने भिजलेले सुती कापड वाऱ्यात अंगावर गार पडते. वर ऊनही फार तीव्र असते, म्हणून गडद काचेचा चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यात. रिकामी वेष्टने परत आणण्यासाठी एक पिशवी वेगळी ठेवावी.

बाळीवेस

डॉक्टरसाहेबांचा झोपण्याच्या उंचीचा मुद्दा मला नवा होता आणि तो मी मान्य करतो. तरी माझी पसंती मुक्कामी कार्यक्रमालाच राहील. फक्त त्याआधी मनालीत दोन रात्री काढाव्यात, ही भर मी माझ्या आराखड्यात घातली आहे.

डॉ_होटगीरोड

योग्य. आणि त्या मधल्या दिवशी हॉटेलात पडून राहू नये. वसिष्ठ गावाच्या वरच्या जंगलातून जोगिनी धबधब्यापर्यंत सावकाश जाऊन यावे. त्या चालीतच डोके दुखू लागले किंवा नाडी विश्रांतीनंतरही उतरली नाही, तर भृगूची तारीख एक दिवस पुढे ढकलावी.

सातरस्ता

जुळेसोलापूर ताईंच्या गटासाठी आणि अक्कलकोटकरांच्या तरुण मंडळींसाठी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सोयीचा दिसतो. दोन्ही गटांनी वेगवेगळे जावे, कारण चालण्याच्या वेगात फरक पडेल; मात्र मनालीतील मुक्काम आणि गाड्या एकत्र ठरवल्यास खर्च कमी होईल. जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता पार्क चौकात भेटून तुळजापूरच्या डोंगरात पहिला सराव करू. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपले वय, जुने आजार आणि आजवर केलेल्या चढाया येथेच लिहाव्यात, म्हणजे ती यादी मार्गदर्शकांना पाठवता येईल.